पेशीतलं शंटिंग

"आबा, हे आयजीएम पॉझिटिव्ह म्हंजे काय असते?" नातीनं डेंग्यूच्या तपासणीचा कागद पुढे धरला. ताप उतरून दोन दिवस झाले होते. तोंडाला चव नव्हती, पण प्रश्न सुरू झाले होते.

बस माय, सांगतो. तुझा आबा बडनेरा जंक्शनात शंटिंगला होता, हीही शंटिंगचीच गोठ आहे. मुंबई-हावडा मार्गावर अमरावतीचा फाटा फुटतो तो आपल्या इथून. इंजिन तेच ठेवायचं, मागचे डबे सोडायचे, दुसरे जोडायचे. उन्हात, पावसात, मध्यरात्री.

तुझ्या रक्तात बी-पेशी असतात. त्या प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंडाचं टोक रोगजंतूला ओळखतं. ते इंजिन समज. मागचा भाग हा डबा. कुठं जायचं, गेल्यावर काय करायचं, हे डब्यावर ठरतं. सुरुवातीला आयजीएमचाच डबा असतो: पाच प्रतिपिंडं एकत्र बांधलेली, दहा हातांची. पकड चांगली, पण देह एवढा मोठा की रक्तवाहिनीबाहेर सहसा पडत नाही. नव्या आजारात आधी तोच दिसतो, म्हणून तुझ्या कागदावर तो आला. मागून येणारा आयजीजी सुटसुटीत. तो पोटातल्या बाळापर्यंतही पोचतो. आयजीए लाळेत, अश्रूंत, आईच्या दुधात.

"मंग डबा बदलते कोण?"

हाच प्रश्न मला सगळ्यात आवडतो. तो कामगार म्हणजे एआयडी नावाचं विकर, अवघ्या १९८ अमिनो आम्लांचं. जपानात क्योटोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं १९९९ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. डीएनएची लिपी चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. एआयडी 'सी'चं 'यू' करून टाकतं. 'यू' हे डीएनएचं अक्षरच नव्हे! मग यूएनजी नावाचं दुसरं विकर ते उपटून काढतं, तिथं खाच पडते. दोन्ही धाग्यांवर अशा खाचा जवळजवळ पडल्या की डीएनए तुटतो. दोन ठिकाणी तुटला, की मधले डबे गळतात आणि लांबचा डबा इंजिनाला येऊन जुळतो.

"अन् गळलेला डबा वापस नाही येत?"

नाही माय. आमचा सोडलेला डबा साइडिंगला उभा राहायचा, उद्या परत लागायचा. पेशी मात्र तो कायमचा टाकते.

हाच कामगार इंजिनालाही हात लावतो. लसीका गाठींमध्ये ओळखणाऱ्या टोकाची अक्षरं तो बदलत राहतो, आणि हे बदल नेहमीच्या चुकांपेक्षा सुमारे दहा लाख पट वेगानं होतात. बहुतेक बदल वाया जातात. ज्या पेशीचं टोक जंतूला अधिक घट्ट बसतं, ती वाढते.

"पण तोच बिघडला त?"

पॅरिसच्या डॉक्टरांनी २००० मध्ये अशीच मुलं दाखवली. रक्तात आयजीएम भरपूर, आयजीजी-आयजीए जवळजवळ नाहीच. कान, छाती, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. गळ्याच्या गाठी फुगलेल्या. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा एआयडीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष. ना डबा बदले, ना इंजिन सुधारे. मग काही रुग्ण असे सापडले की त्यांच्या एआयडीची फक्त शेपटी बिघडलेली: त्यांचं इंजिन सुधारत होतं, डबा मात्र बदलत नव्हता! म्हणजे एकाच अवजारानं दोन कामं, आणि शेपटी लागते ती डबा बदलायला. २००३ मध्ये यूएनजीच बिघडलेले रुग्ण कळले. त्यांच्यातही डबा अडला. टोकाची अक्षरं बदलत, पण ठरावीकच तऱ्हेनं. कुठली कळ कशासाठी आहे, ते या आजारी लेकरांच्या रक्तानं दाखवलं. त्यांचं ऋण मला फार वाटतं.

अशा जन्मजात दोषांची तपासणी मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. उपचार म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी दात्यांच्या रक्तातून काढलेला आयजीजी शिरेतून देतात. हजारो अनोळखी माणसांनी जोडून पाठवलेले डबे.

"माह्या गाठीत आता चालू आहे शंटिंग?"

"चालू आहे. महिन्याभरानं पाहिलं तर आयजीजी सापडेल."

ती जबड्याखाली बोटं दाबून गाठ शोधत बसली.