आधी डॉक्टर, मग बाळ!

नावांची यादी शॉर्टलिस्ट झालेली. पाळणा माळ्यावरून खाली उतरलेला. आईने जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, घडी घालून ठेवलेली. नवऱ्याने पुण्यात बसून ऑनलाइन कार सीट मागवलेली (आमच्याकडे कार नाही, हा भाग वेगळा!). थोडक्यात काय, २०२५ च्या जूनमध्ये आमच्याकडे तयारी एकदम जय्यत होती. राहिली होती एकच गोष्ट. बाळाचा डॉक्टर कोण?

"अगं, तो काय, हॉस्पिटलवाले बोलावतात की," आई म्हणाली.

बोलावतात, खरंय. पण गंमत बघा. गायनॅक निवडताना आपण दहा मैत्रिणींना विचारतो, रिव्ह्यू वाचतो, दोन ठिकाणी जाऊन येतो. आणि जो माणूस बाळाला जन्मल्याजन्मल्या तपासणार, त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं. त्यात आपली ती लाडकी पद्धत, पहिलं बाळंतपण माहेरी! सातव्या महिन्यापर्यंत पुण्याची डॉक्टर, मग पंढरपूरची, आणि तीनेक महिन्यांनी बाळाला गुंडाळून परत पुणे. मधे दोनशेहून जास्त किलोमीटर. या सगळ्यात बाळाची फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर असते?

हा प्रश्न मला पडला तो ताईमुळे. चार वर्षांपूर्वी तिचं बाळंतपण इथेच झालं. तिसऱ्या दिवशी घरी आली. पाचव्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल," असं सगळे म्हणत राहिले. सहाव्या रात्री ते दूध ओढेना, नुसतं झोपून. जन्माच्या वेळी बघून गेलेल्या डॉक्टरांचा नंबर कुणाकडेच नव्हता. डिस्चार्ज कार्डावरची सही वाचता येईना. शेवटी रात्री दीड वाजता गाडी करून सोलापूर गाठलं. सत्तरेक किलोमीटर. भाचा आज ठणठणीत आहे, घर डोक्यावर घेतो. पण ताई त्या रस्त्याचा विषय निघाला की अजून उठून आत जाते.

तर मी फोन लावला. स्टेशनच्या बाजूला दवाखाना असलेले लहान मुलांचे एक डॉक्टर.

"पेशंटचं नाव?" रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं.

"अजून ठेवलं नाही."

"वय?"

"वजा चार आठवडे!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मॅडम, पोटात आहे का? मग गायनॅककडे जा ना." तिची काय चूक? असे पेशंट तिच्याकडे येतच नसावेत. शेवटी संध्याकाळच्या गर्दीनंतरची वेळ मिळाली, आणि मी, आई आणि हट्टाने बरोबर आलेली आजी अशा तीन पिढ्या (साडेतीन म्हणा) तिथे जाऊन बसलो.

डॉक्टरांनी पहिल्यांदा ब्लड ग्रुप विचारले. मी ओ पॉझिटिव्ह, नवरा बी पॉझिटिव्ह. "मग बाळ बी निघालं तर कावीळ लवकर दिसू शकते. घाबरायचं नाही, पण पहिले दोन दिवस मी रोज बघणार. लवकर घरी सोडा म्हणून मागे लागायचं नाही." बस, एवढंच. ताईचा ग्रुपही ओच आहे. तिच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

मग आजीचा नंबर. तिने पिशवीतून चांदीची वाटी काढलीच! सोन्याची अंगठी मधात उगाळून बाळाला चाटवायची, चार पिढ्यांची रीत. डॉक्टर हसले नाहीत, हे मला फार आवडलं. ते म्हणाले, "आजी, मधात कधीकधी असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वर्षाचा होईपर्यंत मध नको. पहिल्या तासात आईचं दूध, तो पिवळा चीक, तेच त्याचं सोनं." आजी विचारात पडली. मग म्हणाली, "कपाळाला अंगठी लावलेली चालेल का?" चालेल! हाच संवाद मी घरी केला असता तर "चार बुकं शिकली" असं ऐकून घ्यावं लागलं असतं. नऊवारीतल्या व्हेटो पॉवरला आधीच डॉक्टरसमोर बसवायचं, हा माझ्या मते या भेटीचा सगळ्यात मोठा फायदा.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "राहायला कुठे?"

"प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळात."

"तारीख?"

"चार जुलै."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्याने पंढरपूर पाहिलंय त्याला कळलं असेल. सहा जुलैला आषाढी एकादशी! लाखो वारकरी गावात, जुन्या गावात वाहनांना बंदी, आमच्या बोळात तर माणूससुद्धा तिरका चालतो. वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतात, माझं ते खरोखरच माहेर. पण कळा सुरू झाल्यावर अॅम्ब्युलन्स दारात येणार कशी, हे सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट बघणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. आम्हालाही सुचलं नव्हतं, जन्म इथेच जाऊन! "आठ दिवस आधी गावाबाहेर हला," डॉक्टर म्हणाले. "मीसुद्धा त्या दिवसांत चालतच फिरतो."

आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन फॅड? तसं अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना अशा भेटीची शिफारस बऱ्याच वर्षांपासून करते, २०१८ मध्ये तिने ती नव्याने मांडली. पण अमेरिकेत कशाला जायचं? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्या गरोदरपणातच घरी जायच्या, आईशी बोलायच्या, जन्मानंतर बाळाला घरी येऊन तपासायच्या. नवजात बालकांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं, असं त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. झोपडीत जमलं ते आपल्याला टू बीएचकेत जमत नाही!

आणि आमच्या गावाची गोष्ट तर त्याहून जुनी. यात्रेच्या निमित्ताने विधवा बायका इथे बाळंत होण्यासाठी यायच्या, आणि त्या बाळांचं काय व्हायचं ते बोलायची सोय नव्हती. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांनी अशा बाळांसाठी इथे आश्रम काढला, आजचा नवरंगे बालकाश्रम. आपलं म्हणून कुणी नसलेल्या बाळांचीही वाट बघणारं कुणीतरी या गावात तेव्हा होतं. आम्ही तर चांगले दहा जण होतो, तरी एक फोन नंबर मिळवून ठेवला नव्हता.

तर मैत्रिणींनो, सातव्या-आठव्या महिन्यात ही अपॉइंटमेंट घ्याच, आणि नवरा असेल तर त्यालाही न्या. डिलिव्हरीला तुम्ही स्वतः असणार की दुसरं कुणी? रात्री फोन कोण उचलतं? कावीळ झाली तर निळा दिवा इथे आहे का, आणि आईला बाळाशेजारी राहता येतं का? तब्येत जास्तच बिघडली तर कुठे पाठवता? बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मल्यावर लगेच कोण देणार? आणि बेधडक फीसुद्धा विचारा. ज्या डॉक्टरला या प्रश्नांचा कंटाळा आला, तो रात्री दोनला काय करेल याचा अंदाज तिथेच येतो.

अठ्ठावीस जूनला मी इसबावीला मावशीकडे मुक्काम हलवला. आजी रुसली. वर्षानुवर्षं उतरणारी दिंडी घरात, आणि नात नाही! पाच जुलैला पहाटे मुलगी झाली. नवरा वारीच्या एसटीत उभ्याने आला. दुसऱ्या दिवशी, ऐन एकादशीला, ती पिवळी दिसायला लागली. डॉक्टर गर्दीतून चालत आले, कपाळावर बुक्का, शर्ट घामाने चिंब. रक्त तपासलं, ग्रुप बी. दोन दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून, आणि मी शेजारच्या कॉटवर. ताई सारखी येऊन दिव्याकडे बघत होती.

आजी द्वादशीला आली. अंगठी आणली होती, वाटी घरीच ठेवली होती.

पुण्याच्या डॉक्टरला मात्र नवरा एकटाच भेटून आला होता, प्रश्नांची यादी घेऊन. रविवारी कोण असतं, हा प्रश्न तो विसरलाच.