नाव शहराचे, खासदार डोंगराकडचा

नंदुरबारच्या बाजारातला मिरचीचा व्यापारी लोकसभेसाठी मत देतो, पैसा लावतो, पैजाही लावतो. पण इथून उमेदवारी अर्ज भरायचा म्हटला तर भरता येत नाही. मतदारसंघाला नाव शहराचे, जागा मात्र अनुसूचित जमातींसाठी राखीव. शहरात अहिराणी आणि गुजराती कानावर पडते. खासदार बहुतेक वेळा मावची, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलखातून आला आहे. गेल्या सत्तर वर्षांत दिल्लीत ‘नंदुरबार’ म्हणून जो बोलला, तो खरे तर नवापूर, अक्राणी, अक्कलकुवा या भागांचाच माणूस, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

1952 च्या पहिल्या निवडणुकीत नंदुरबार नावाचा मतदारसंघच नव्हता. मुंबई राज्यातल्या पश्चिम खानदेशातून दोन खासदार निवडायचे होते: एक सर्वसाधारण, एक आदिवासी. एका मतदाराला दोन मते. शालिग्राम रामचंद्र भारतीय आणि राखीव जागेवर जयंतराव गणपत नटावदकर असे दोघे काँग्रेसचे निवडून आले. पुढच्या खेपेला धुळे वेगळे झाले आणि राखीव पश्चिम खानदेशातून लक्ष्मण वेडू वळवी लोकसभेत गेले. 1962 मध्ये मतदारसंघाला नंदुरबार हे नाव लागले तेव्हाही खासदार वळवीच. मग तुकाराम हुराजी गावित, 1967 आणि 1971.

1977 मध्ये आणीबाणीच्या रागात महाराष्ट्रातल्या 48 पैकी जेमतेम 20 जागा काँग्रेसकडे राहिल्या. त्या विसांत नंदुरबार होते. नवापूरचे सुरूपसिंग नाईक तेव्हा निवडून आले आणि 1980 मध्ये पुन्हा. ते राज्याच्या राजकारणात परतल्यावर 1981 मध्ये पोटनिवडणूक लागली आणि नवापूर तालुक्यातलेच माणिकराव होडल्या गावित उभे राहिले.

या पोटनिवडणुकीपासून 2009 पर्यंत माणिकराव सलग नऊ वेळा निवडून आले. बाबरी, मंडल, शिवसेना-भाजप युती, शरद पवारांची फूट, सगळे आले आणि गेले. नंदुरबारचा निकाल बदलला नाही. इंदिरा गांधींपासून काँग्रेसच्या नेत्यांना प्रचाराची सुरुवात इथून करावीशी वाटे. 1998 मध्ये सोनिया गांधींचीही सभा इथे झाली. त्याच वर्षी 1 जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. 29 सप्टेंबर 2010 रोजी आधार योजनेचा देशातला प्रारंभही याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाला. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघेही आले होते.

आता प्रश्न असा की नऊ वेळा निवडून आलेल्या माणसाचे दिल्लीत वजन किती होते? 2004 नंतर ते गृह राज्यमंत्री झाले, 2013 मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री. कॅबिनेट मंत्रिपद कधी आले नाही. 2009 मध्ये ज्येष्ठतेमुळे ते लोकसभेचे हंगामी अध्यक्ष झाले आणि नव्या खासदारांना शपथ देण्याचे काम त्यांच्याकडे आले. दोन-तीन दिवसांत मीरा कुमार अध्यक्ष झाल्या. निष्ठेचे मोल पक्षाने फार बेताने केले, असे मला वाटते. पण दुसरी बाजूही आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी-अक्कलकुव्यातली 33 गावे येत होती आणि मणिबेली हे महाराष्ट्रातले पहिले बुडीत गाव याच मतदारसंघातले. तो सगळा काळ माणिकरावांचाच. तरीही नर्मदाकाठचे गाऱ्हाणे देशाला कळले ते खासदाराच्या भाषणातून नव्हे. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाने ते दिल्लीच्या रस्त्यावर नेले तेव्हा. आज मणिबेली हे राज्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र, आणि तिथे जायला कर्मचाऱ्यांना बार्जमध्ये बसावे लागते.

शहरातले आणि सपाटीवरचे पुढारी या काळात रिकामे बसले नव्हते. नंदुरबारचे बटेसिंह रघुवंशी, शहाद्याला सातपुडा साखर कारखाना उभा करणारे पी. के. अण्णा पाटील यांच्याकडे माणसे होती, संस्था होत्या. स्वतः उभे राहता येत नसले तरी कोणाला उभे करायचे आणि कोणाला पाडायचे, यात त्यांचा शब्द चाले. आरक्षणाने उमेदवाराचा प्रश्न सोडवला, सत्तेचा नाही.

2008 च्या पुनर्रचनेनंतर धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर या मतदारसंघात आहेत. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर धरून सहाही विधानसभा जागा आता आदिवासी राखीव आहेत. 2009 मध्ये समाजवादी पक्षाचे शरद गावित दुसऱ्या क्रमांकावर आले, तेव्हाच तडा दिसला होता. शरद हे नंदुरबारचे आमदार विजयकुमार गावित यांचे भाऊ. 2014 मध्ये विजयकुमारांची कन्या डॉ. हिना भाजपकडून उतरल्या. त्या 26 वर्षांच्या, माणिकराव 79 वर्षांचे. 1,06,905 मतांनी माणिकराव पडले. नंदुरबार नावाच्या मतदारसंघाने काँग्रेस सोडली ती पहिल्यांदाच.

त्यानंतरचे राजकारण मोजक्या घरांतच फिरते आहे. 2019 मध्ये हिनाताईंनी अक्राणीकडचे काँग्रेसचे आमदार के. सी. पाडवी यांना 95,629 मतांनी हरवले. 2024 मध्ये पाडवींचे वकील चिरंजीव गोवाल पहिल्यांदाच उभे राहिले. पंतप्रधान मोदींची सभा 10 मे रोजी नंदुरबारला झाली, मतदान 13 मे रोजी. आणि गोवाल 1,59,120 मतांनी निवडून आले. वडिलांच्या पराभवापेक्षा मोठे अंतर. नवापूरलाही वारसा चालूच आहे: सुरूपसिंगांचे पुत्र शिरीष नाईक तिथले आमदार.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेत, हिनाताई भाजप सोडून अक्कलकुव्यातून अपक्ष म्हणून थेट के. सी. पाडवींसमोरच उतरल्या. दोघेही हरले. निवडून आले शिवसेनेचे आमश्या पाडवी.