तंबाखू नसलेला विडा निर्धोक असतो का?

पुण्याजवळच्या वाघोलीत वाघेश्वराच्या देवळात पूजेच्या ताटात विड्याची पानं असतात. नगर रस्त्यावरच्या टपऱ्यांवर ओल्या फडक्याखाली झाकलेली असतात, तीही हीच. या पानाबद्दलचे काही समज निरुपद्रवी आहेत, एक मात्र जिवावर बेतणारा आहे.

नागवेल, म्हणजे या पानांची वेल, लावली की साप येतात, असं अनेक घरांत सांगतात. सापाला ओढून घेईल असं तिच्यात काही नाही. दाट, ओलसर जागी साप दडू शकतो, मग वेल कुठलीही असो. नागवेल ही मिरी आणि पिंपळीच्या कुळातली, मूळची आग्नेय आशियातल्या दमट प्रदेशातली. म्हणूनच मिरजेकडच्या पानमळ्यांत ती शेवरी-शेवग्याच्या आधाराने, सावलीत वाढवतात. वाघोलीच्या उन्हाळ्यात उघड्या गच्चीवर ती करपते.

पान म्हणजेच व्यसन, हा दुसरा समज. चरकसंहितेत तोंडाच्या स्वच्छतेसाठी लवंग, कंकोळ, वेलची यांच्यासोबत तांबूलपत्र सांगितलं आहे. लवंगेतलं युजेनॉल या पानातही असतं. देवापुढे दोन पानांवर सुपारी आणि नाणं ठेवतात, बाळंतिणीच्या विड्यात ओवा आणि शेपा घालतात. नुसत्या पानाने व्यसन लागत नाही. पण त्याला औषध समजून विसंबूही नये. तेल लावून कोमट केलेलं पान बाळाच्या छातीवर ठेवल्याने ऊब मिळते, न्यूमोनिया बरा होत नाही. बाळाचा श्वास जलद चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर तडक दवाखाना गाठावा.

आता तिसरा समज. ‘आमच्या विड्यात तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हे लोक फार निर्धास्तपणे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीला आणि तंबाखूविरहित विड्यालाही, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. दोष पानाचा नाही, सुपारीचा आहे. तिच्यातलं अरेकोलीन सवय लावतं. ती सतत चघळली की गालाच्या आतलं अस्तर घट्ट, पांढुरकं होतं, तिखट सोसत नाही, तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आखडलेलं अस्तर पूर्ववत होत नाही आणि त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण गोड सुपारीच्या पुड्या लहान मुलांच्या हाती आजही सहज पडतात. मला सर्वांत जास्त चिंता याचीच वाटते.

पूजेतली सुपारी देवापुढेच राहू द्यावी. जेवणानंतरच्या विड्यात गुलकंद, बडीशेप, वेलची, खोबरं घालावं. सुपारी खाणाऱ्याने आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे पाहावं. जात नसतील तर सुपारी तिथेच थांबवून दंतवैद्याकडे जावं.