चाकांवरचे बिऱ्हाड (लेखांक सहावा) : पांघरुणाविरुद्धची फिर्याद

मागील दोन लेखांकांत मोटारहोममधील पाण्याचा साठा, ग्यासची शेगडी आणि सांडपाण्याचा बंदोबस्त ह्यांचा विचार आपण केला. ह्या आठवड्यात जो विषय घ्यावयाचा तो वरकरणी इतका क्षुल्लक दिसतो की, गाडी भाड्याने घेताना इंजिनाची, टायरांची आणि विम्याची बारीक चौकशी करणारा चोखंदळ गृहस्थही त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. हा विषय म्हणजे गाडीतील अंथरूण-पांघरूण. अमेरिकेत मुलाकडे अगर लेकीकडे उन्हाळाभर मुक्काम करून, त्यांच्या सुटीत सहकुटुंब यलोस्टोनच्या किंवा ग्रँड कॅन्यनच्या वाटेला लागणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. पहिल्या रात्री गाडीतले जाड, मऊ ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतले आणि पहाटेपासून शिंकांचा सपाटा सुरू झाला. कोणाचे नाक चोंदले, कोणाला धाप लागली, कोणाच्या मानेवर आणि काखेच्या कडेला तिसऱ्या दिवशी लाल पुरळ उठले. आणि 'आपल्याला ह्या कापडाचेच वावडे आहे' असा निकाल देऊन वडीलधाऱ्यांनी उरलेल्या रात्री स्वेटर घालून कुडकुडत काढल्या.

ही फिर्याद खोटी नसते. परंतु ती योग्य त्या पक्षावर दाखल झालेली असतेच असे नाही. शिंका आणि पुरळ ह्या मुळातच भिन्न जातीच्या घटना आहेत, त्यांची कारणे भिन्न आहेत आणि उपायही भिन्न आहेत; म्हणून ब्लँकेटाकडे बोट दाखवण्यापूर्वी दोन बाबींची नोंद करणे अगत्याचे ठरते: त्रास किती वेळाने सुरू झाला, आणि तो शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर झाला.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी १९०६ साली ॲलर्जीची संकल्पना मांडली, आणि त्यानंतर साठ वर्षांनी, अमेरिकेत संशोधन करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने तिच्या मुळाशी असलेले रक्तातील प्रतिपिंड शोधून काढले. त्यालाच आज आयजीई म्हणतात. नाक, श्वासनलिका आणि त्वचा ह्यांच्या आवरणात ज्या मास्ट पेशी असतात त्यांना हे प्रतिपिंड चिकटून राहते, आणि ज्या पदार्थाविरुद्ध ते निर्माण झाले तो पदार्थ पुन्हा समोर आला की त्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात. हा सारा प्रकार काही मिनिटांत घडतो. शिंका, डोळ्यांची खाज, धाप, अंगावर उठणाऱ्या गांधी ही त्याची चिन्हे. याच्या उलट दुसरा प्रकार सावकाशीचा आहे. त्यात प्रतिपिंडांचा संबंध नसून रक्तातील पांढऱ्या पेशींचा असतो, आणि कापडातील एखादे रसायन त्वचेत मुरल्यावर एक ते तीन दिवसांनी तेथे खाजरा, कधी पाणी सुटणारा इसब उमटतो. तिसऱ्या प्रकारात ॲलर्जीचा अंशही नाही: खरखरीत धागा अंगाला टोचतो, तीव्र साबणाचा अवशेष त्वचेला झोंबतो, इतकेच. व्यवहारात ह्या तिन्ही प्रकारांना सरसकट एकच नाव मिळते आणि तेथूनच घोटाळ्याला प्रारंभ होतो.

पहिल्या, तत्काळ घडणाऱ्या प्रकारात कापड स्वतः क्वचितच दोषी असते. घरातील धुळीने दमा का उसळतो ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. धुळीत राहणारे आणि डस्ट माइट ह्या नावाने परिचित असलेले, सुमारे पाव मिलिमीटर लांबीचे अष्टपाद जीव हे त्या धुळीच्या उपद्रवाचे मुख्य कारण आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हे जीव चावत नाहीत, रक्त पीत नाहीत, माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कोंड्यावर त्यांचा निर्वाह चालतो. आणि आपल्याला बाधते ते मुख्यत्वे त्यांच्या विष्ठेतील एक प्रथिन. विष्ठेचा हा कण एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढा असून हवेच्या मानाने जड असतो, त्यामुळे तो फार वेळ तरंगत नाही. पांघरूण झटकले किंवा उशीत तोंड खुपसले म्हणजे तो नाकात जातो. अंथरूण घालता घालताच शिंका सुरू होतात आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर थांबतात, ह्याचे इंगित हेच आहे.

ह्या जीवांना पाणी पिता येत नाही. हवेतील बाष्प शोषून ते आपली तहान भागवतात, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतात. मोटारहोमचा प्रश्न समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरेशी आहे. चार भिंतींच्या घरात बाष्पाला पसरायला जागा असते. मोटारहोममध्ये चार माणसांचा श्वास, ओले टॉवेल, सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी हे सर्व एका लहानशा खोलीएवढ्या पोकळीत साठते. त्यात प्रोपेनची शेगडी जळते, आणि एक किलो प्रोपेन जळताना सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते, हे रसायनशास्त्राचे साधे गणित सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेर थंडी, म्हणून खिडक्या व छतावरील झरोका बंद. मग हे बाष्प जेथे थंड पृष्ठभाग मिळेल तेथे द्रवरूप होते. चालकाच्या डोक्यावर, पुढे आलेल्या भागात जी झोपण्याची जागा असते तिची गादी दोन-तीन रात्रींनंतर एकदा उचलून पाहावी. गादीखालची प्लायवूडची फळी हाताला ओली लागते, गादीच्या खालच्या कापडावर करडे-काळे ठिपके दिसू लागतात, आणि आषाढातल्या कोकणात महिनाभर न उघडलेल्या लाकडी पेटीसारखा कोंदट वास येतो. ते ठिपके बुरशीचे. बुरशीचे बीजाणू हेही ॲलर्जीचे एक स्वतंत्र कारण आहे, आणि माणूस तर आठ-आठ तास नाक त्या गादीपाशी ठेवून झोपलेला असतो.

येथे एक शंका रास्त आहे. यलोस्टोनचे पठार सुमारे २४०० मीटर उंचीवर, आणि ॲरिझोनाचा बराचसा प्रदेश तर वाळवंटी. अशा विरळ, कोरड्या हवेत हे जीव तग धरत नाहीत, आणि स्वित्झर्लंडमधील दाव्होससारख्या उंच ठिकाणी दम्याच्या रुग्णांना आराम पडतो त्यालाही हेच एक कारण आहे. मग त्रास व्हावा का? त्याचे उत्तर असे की, किडा मेला तरी त्याच्या विष्ठेतील प्रथिन धाग्यांत महिनोन्महिने टिकून राहते. गाडी आज कोठे उभी आहे याला जितके महत्त्व, तितकेच तिने हिवाळा कोठे काढला यालाही आहे. प्रशांत महासागराच्या दमट किनाऱ्यावर सहा महिने झाकून ठेवलेली गाडी वाळवंटात नेली म्हणून तिची पांघरुणे एका रात्रीत निर्दोष होत नाहीत. शिवाय मुंबईत किंवा कोकणपट्टीत ज्यांचा जन्म गेला त्यांच्या शरीराची ह्या जीवांशी ओळख बहुधा पूर्वीच झालेली असते.

आधीच्या भाडेकरूंचे मांजर हा दुसरा अदृश्य सहप्रवासी. मांजराच्या लाळेतून आणि त्वचेतून येणाऱ्या प्रथिनाचे कण अतिशय बारीक व चिकट असतात, ते तासन्‌तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटून एका जागेहून दुसऱ्या जागी जातात, आणि मांजर निघून गेल्यावरही कित्येक महिने गालिच्यात व गाद्यांच्या आवरणात सापडतात. ज्यांना मांजराचे वावडे आहे त्यांनी ही चौकशी संकोच न करता करावी.

आता प्रत्यक्ष कापडाकडे वळू. लोकर अंगाला खाजते ती बहुतेक वेळा ॲलर्जीमुळे नव्हे. सुमारे तीस मायक्रॉनहून जाड असलेला लोकरीचा तंतू वाकत नाही, त्याचे टोक त्वचेतील मज्जातंतूंना टोचते. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे उघड्या अंगाला टोचते ते ह्याच कारणाने, आणि मेरिनो मेंढीची तलम लोकर तशी टोचत नाही तीही ह्याच कारणाने. खरा विलंबित इसब होतो तो रंगांमुळे आणि कापडावरील प्रक्रियेमुळे. पॉलिएस्टरला दिल्या जाणाऱ्या डिस्पर्स वर्गातील रंगांचे कण तंतूशी रासायनिक बंधाने जखडलेले नसतात. घाम आणि घर्षण ह्यांच्या योगाने ते सुटतात आणि त्वचेत शिरतात. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे गडद निळे रंग त्यांत विशेष कुप्रसिद्ध आहेत, आणि काळ्या-निळ्या कापडांत त्यांचा वापर आढळतो. सुती चादरीला सुरकुत्या पडू नयेत म्हणून जी राळ चढवतात तिच्यातून फॉर्माल्डिहाइड सुटते, आणि काहींच्या त्वचेला तेही सोसत नाही.

अशा वेळी शरीराची तपासणी बारकाईने करावी. कापडाने झालेला इसब काखेच्या खळग्यात नसतो, खळग्याच्या कडेला असतो, कारण खळग्याला कापड घासत नाही. तसेच मानेच्या बाजूंना, मांड्यांच्या आतल्या अंगाला, जेथे घाम व घर्षण एकत्र येतात तेथे तो उमटतो. उलट उघड्या राहिलेल्या हातांवर व गळ्यावर, सकाळी उठताच, एका ओळीत तीन-चार लाल गाठी दिसल्या तर गादीची शिवण उलगडून ढेकणांचा शोध घ्यावा, ॲलर्जीचा नव्हे. नेमका कोणता रंग किंवा कोणते रसायन बाधते हे ठरवण्याची पद्धत जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन ह्यांनी १८९५ साली दाखवली, आणि तीच आजही प्रमाण मानली जाते: संशयित द्रव्ये अल्प प्रमाणात पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात, पट्टी काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात. ही परीक्षा प्रवासात होणारी नव्हे. ती परतल्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडे करवून घ्यावी.

काही वेळा तर पांघरूण सर्वस्वी निरपराध असते. २००५ साली कॅट्रीना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याची धूळधाण उडवली, तेव्हा केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन खात्याने विस्थापितांना राहण्यासाठी हजारो ट्रेलर दिले. त्यांत राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, श्वास कोंडू लागला. पुढे २००७ च्या डिसेंबरात आणि २००८ च्या जानेवारीत सरकारी आरोग्ययंत्रणेने ५१९ ट्रेलर व फिरत्या घरांची तपासणी केली, तेव्हा आतील हवेत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सरासरी दर अब्ज भागांस ७७ भाग आढळले. हा वायू प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या ज्या गोंदाने जोडतात त्यातून सुटत होता, आणि उष्णतेने व दमट हवेने तो अधिक सुटतो. गरिबांच्या डोक्यावर छप्पर म्हणून दिलेल्या वस्तूनेच त्यांचा श्वास कोंडावा, ह्याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही. लाकडी फळ्यांतील ह्या वायूवर मर्यादा घालणारा केंद्रीय कायदा २०१० साली झाला. तरीही अगदी नव्या गाडीत शिरताच डोळ्यांना पाणी येत असेल, तर ब्लँकेट बदलून काही उपयोग नाही; दारे-खिडक्या उघडाव्यात.

उपायांचा तपशील आता थोडक्यात देतो. सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे पांघरूण आपलेच न्यावे. सोलापुरी चादर सुताची, कढत पाणी सोसणारी आणि सहज वाळणारी आहे. नवी असल्यास तिचा सुटा रंग घरीच एक-दोन धुण्यांत निघून जाऊ द्यावा, मग ती प्रवासाला काढावी. माइट मरण्यास पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापलेले लागते, आणि अमेरिकेतील घरगुती बंबाची टाकी पुष्कळदा ४९ अंशांवरच ठेवलेली असते. म्हणून मुक्कामाच्या तळावर नाणी टाकून चालणारी जी यंत्रे असतात त्यांत धुतल्यानंतर, कपडे वाळवण्याच्या यंत्रात पांघरुणे पूर्ण उष्णतेवर, वाळल्यानंतरही पंधरा-वीस मिनिटे फिरू द्यावीत. त्या यंत्रात टाकावयाचे सुवासिक कागद मात्र टाळावेत. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घालावी, स्वयंपाकाच्या वेळी झरोका उघडा ठेवावा, आणि दररोज सकाळी गादी उभी करावी. पांघरुणांत डांबरगोळ्या घालून ती बंद गाडीत ठेवण्याची रीत तर सर्वथा सोडावी; जी-६-पी-डी नावाच्या विकराची ज्यांच्या रक्तात जन्मतः उणीव असते अशा बालकांच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात.

औषधाबद्दल एकच ताकीद. अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या डायफेनहायड्रामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गाढ गुंगी येते आणि ती सकाळीही उतरत नाही. ज्याला दुसऱ्या दिवशी गाडी हाकावयाची आहे त्याने ती गोळी घेऊ नये, आणि सेटिरिझिन किंवा लोरॅटाडिन ह्यांपैकी कोणती चालेल ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. दम्याच्या रुग्णाने आपला इन्हेलर डिकीत नव्हे, उशाशी ठेवावा. ओठ वा जीभ सुजली, बोलता बोलता दम तुटू लागला किंवा भोवळ आली, तर ती साधी खाज समजू नये. तत्काळ ९११ क्रमांकावर मदत मागवावी.

आणि गाडीचा ताबा घेताना, करारावर सही करण्यापूर्वी, मालकाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ह्या गाडीने हिवाळा कोठे काढला, तिच्यात कुत्रे-मांजर नेण्याची मुभा होती काय, आणि पांघरुणे शेवटची केव्हा व किती गरम पाण्यात धुतली. उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत तर गाडी घ्यावी, पांघरुणे परत करावीत.