चालवणाऱ्याच्या कमरेलाही टेका हवा!

अंतरवाली सराटीहून वडीगोद्रीला आलं की धुळे-सोलापूर महामार्ग. शहागडला गोदावरी ओलांडायची, मग गेवराई, बीड, धाराशिव, तुळजापूर. रस्ता झकास, पण बीड यायच्या आधीच कंबर बोलायला लागते.

२०२० साली आलेल्या मीटिओर ३५० सारख्या क्रूझर मोटारसायकलचे फूटपेग पुढे असतात. पाय पुढे गेले की अंगाचा भार पायांवर येत नाही, सगळा माकडहाडावर आणि कमरेवर बसतो. म्हणून चालवणाऱ्यासाठी बॅकरेस्ट. दुकानात नुसतं ‘बॅकरेस्ट’ म्हणाल तर बहुतेक वेळा मागे बसणाऱ्याची हातात पडेल. दोन सीटच्या मधली हवी, हे आधीच सांगा.

ब्रॅकेट चेसीला बोल्टने आवळलेलं हवं, सीटच्या प्लास्टिकला नव्हे. टेका दुमडणारा घ्या, नाहीतर पाय टाकून गाडीवर बसणंच अवघड. उंची कमरेच्या खोलगट भागापुरती. त्याहून वर गेला तर खांदे पुढे ढकलतो. बसवल्यावर गाडी उभी असतानाच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कोपर ताठ होत असेल तर टेका पुढे घ्या. नायलॉक नट वापरा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाना फिरवाच.

मला सगळ्यात जास्त फरक उतरल्यावर जाणवला: कमरेवर हात न ठेवता सरळ उभा राहिलो.