पायांचे काम हातांकडे

मोटार चालवणाऱ्या माणसाचे हात आपल्याला दिसतात, पण निम्मे काम खाली त्याचे पाय करीत असतात. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळतो, डावा क्लच. आता समजा, हे पायच नसतील आणि गाडी शर्यतीत पळवायची असेल तर?

अलेस्सांद्रो झानार्दी या इटालियन चालकापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्याचा जन्म १९६६ साली बोलोन्या शहरी झाला. अमेरिकेतील 'कार्ट' ही उघड्या चाकांच्या मोटारींची अजिंक्यपद स्पर्धा त्याने १९९७ व १९९८ अशी दोनदा जिंकली. १५ सप्टेंबर २००१ रोजी जर्मनीतील लाउझित्झ येथे त्याची गाडी गरकन फिरून ट्रॅकवर आडवी झाली आणि मागून भरधाव येणारी गाडी तिच्यावर आदळली. एक पाय मांडीतून गेला, दुसरा गुडघ्यापाशी. अंगातले सुमारे तीन चतुर्थांश रक्त वाहून गेले. तरीही तो वाचला आणि सुमारे दोन वर्षांनी शर्यतीत परतला, तो टूरिंग मोटारींच्या.

टूरिंग मोटार बाहेरून बाजारातल्या चार दारांच्या गाडीसारखीच दिसते. आत मात्र एकच खुर्ची, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि शर्यतीचे इंजिन असते. या शर्यतींत गाड्या एकमेकींना खेटून पळतात आणि दारे घासणे नित्याचेच. म्हणून खरी कसोटी लागते ती वळणाआधीच्या ब्रेकशी. थोडे गणित करून पाहा. गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरा. वेग ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणायचा आहे. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. उत्तर येईल सुमारे साडेपंधरा लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे पाच लिटर पाणी उकळीला येईल, आणि ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांनी तीन-चार सेकंदांत गिळायची! शर्यतीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकला यंत्राची मदत नसते. पेडलवर पन्नास किलो किंवा त्याहूनही जास्त वजन ठेवल्याइतका जोर लावावा लागतो.

पण नुसता जोर पुरत नाही. तो किंचित जास्त झाला की चाके जखडतात, कमी झाला की गाडी वळणाबाहेर जाते. खुर्चीवर बसून डोळे मिटा आणि एक पाऊल वर वाकवा. ते किती वाकले, हे न बघताही तुम्ही सांगू शकाल. स्नायूंत आणि सांध्यांत असलेले संवेदक ही बातमी मेंदूला पोचवतात. कृत्रिम पायाला घोटाही नाही, संवेदकही नाहीत.

बीएमडब्ल्यू गाडीत केलेली व्यवस्था अशी होती. ब्रेक उजव्या कृत्रिम पायानेच दाबायचा, मात्र जोर खुब्यातून आणायचा. पेडलचा दाब मांडीच्या उरलेल्या भागावर जाणवे, तेवढीच खूण. अ‍ॅक्सिलरेटरसाठी स्टिअरिंगच्या मागे एक कडे बसवले. ते बोटांनी ओढले की इंजिनाला इंधन मिळे. क्लचची सोय गिअरच्या दांड्यावर केली. आता एका वळणाचा विचार करा. खुबा ब्रेक दाबतो आहे, उजवा हात क्लच सांभाळीत खालचा गिअर टाकतो आहे, आणि डावा हात एकटाच गाडी वळवतो आहे व त्याच क्षणी बोटांनी कडे ओढून इंजिनाचा वेग चाकांशी जुळवतो आहे. धडधाकट चालक हा शेवटचा भाग त्याच उजव्या पायाच्या कडेने करतो. तोही सोपा नाही, पण त्यासाठी त्याला हात वापरावा लागत नाही!

ऑगस्ट २००५ मध्ये जर्मनीत ओशर्सलेबन येथे झानार्दीने जागतिक टूरिंग मोटार स्पर्धेतील एक शर्यत जिंकली. पुढे २००६ साली इस्तंबूलला, २००८ व २००९ साली चेक प्रजासत्ताकात बर्नो येथे. स्पर्धकांना पाय होते. त्याला गुणांची सवलत नव्हती.

एक अडचण मात्र खुब्याने सुटणारी नव्हती. घाम सुकताना शरीर थंड होते, आणि त्यासाठी कातडी लागते. भाजलेल्या रोग्याचा अंदाज घेताना डॉक्टर दोन्ही पायांची कातडी एकूण कातडीच्या ३६ टक्के धरतात. तिचा मोठा भाग गेलेला, उरलेला कृत्रिम पायाच्या खोबणीत बंद, आणि गाडीच्या आत पन्नास अंशांच्या पुढे उकाडा. अर्ध्या तासाची शर्यत निभते, चोवीस तासांची नाही, जरी ती तीन-चार चालक पाळीपाळीने चालवत असले तरी. म्हणून जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे चोवीस तासांच्या शर्यतीत तो कृत्रिम पाय काढूनच बसला. ब्रेकसाठी उजव्या हाताने ढकलायचा दांडा होता. त्याची पाळी आली की स्टिअरिंगच काढून त्याचे, कडे असलेले, दुसरे लावत. पहिल्याच पाळीत त्या स्टिअरिंगची विजेची जोडणी गाडीशी जुळेना. तंत्रज्ञ खटपट करीत राहिले आणि तोवर बाकीच्या गाड्या कित्येक फेऱ्या पुढे गेल्या होत्या.