विकास आराखडा आणि आपली वस्ती

वस्तीतून रस्ता जाणार की तेथे शाळा, दवाखाना होणार, हे शहराच्या विकास आराखड्यात ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून जनतेच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पुढे त्यांवर सुनावणी होते. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा लोकांच्या हजारो हरकतींनंतर नव्याने करावा लागला.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी नकाशा वाचावयास शिकावे. विहार, अभ्यासिका, घरे त्यावर बरोबर दाखविली आहेत का, ते पाहावे. चूक आढळल्यास सर्वांच्या सह्यांनिशी मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीस हजर राहावे. मुदत टळल्यावरच्या मोर्चाहून वेळेवर दिलेला अर्ज मोलाचा असतो. बाबासाहेबांनी दिलेली संघटनेची शिकवण येथेही आचरणात आणू या. जय भीम!